डिचोलीतला बेस, जुना लॅपटॉप आणि ५० हर्ट्झची घरघर

प्रश्न थोडक्यात असा: "मी गोव्यातल्या डिचोलीत राहतो, शाळेत संगणक शिकवतो, वय ३८. कॉलेजपासून रॉक ऐकतो. यंदा चार तारांचा जुना बेस गिटार घेतला. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. बेस थेट लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटला लावला तर घरघर येते, वाजवलेलं कानाला उशिरा येतं, आणि रेकॉर्ड केलेलं फोनवर ऐकलं तर बेस गायबच. गाण्यातला बेसही मला वेगळा ऐकू येत नाही. खोली १० बाय १२ फूट, स्लॅबची, शेजार लागून. हातात २५ हजार आहेत. ॲम्प (आवाज मोठा करणारी पेटी) घेऊ का? की लिनक्स सोडून दुसरं काही बघू?"

ॲम्प घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको. लिनक्स सोडायचंही काही कारण नाही. तक्रारी चार दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपण काय वाजवतोय ते तुम्हाला ऐकूच येत नाही. गिटारवाल्याचा सूर चुकला की त्याचा त्यालाच टोचतो. बेसवाल्याला खोलीत काहीतरी घुमतंय एवढंच कळतं, आणि त्या घुमण्यात चुका आरामात लपतात. वर्षानुवर्षं लपून राहतात. त्यामुळे पैसा, वेळ आणि तो लॅपटॉप हे सगळं आधी स्वतःला स्वच्छ ऐकण्यावर लावा.

आधी खोलीचं बघू. तुमच्या बेसची जाड ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, त्यावर ए ५५, डी ७३.४ आणि जी ९८. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते, म्हणजे ती तुमच्या खोलीत मावतच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर मात्र अडकतात आणि फुगतात. दहा फुटांच्या अंतरात तो फुगवटा ५६-५७ हर्ट्झच्या आसपास येतो. ही तुमच्या मोकळ्या ए तारेची जागा. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर तोच सूर आणखी फुगतो. बारा फुटांच्या बाजूचा फुगवटा ४७-४८ हर्ट्झला, ई तारेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) मध्ये. अशा खोलीत ॲम्प ठेवलात तर ए वाजवल्यावर कपाटाची काच थरथरेल आणि पुढचाच सूर बसका वाटेल. मग हात नकळत ए हळू आणि बाकीचे सूर जोरात वाजवायला शिकतो. त्या खोलीपुरतं ते बरोबर वाटतं, हॉलमध्ये उघडं पडतं. चिऱ्याच्या, कौलारू जुन्या घरात हे एवढं जाणवत नाही, कारण कौलांतून खालचे सूर बरेचसे बाहेर निघून जातात. स्लॅबची खोली ते सोडत नाही, आणि जे सोडते ते थेट शेजाऱ्याच्या भिंतीला देते. त्याच्या घरी तुमचं गाणं पोचणार नाही, फक्त धप-धप पोचेल.

यावर इलाज म्हणजे चांगले, कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन. वायरचे यावर मी अडून बसेन. ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचं आहे. तेवढ्यात शंभरच्या लयीतला सोळांश सूर येऊन गेलेला असतो.

दुसरी खरेदी यूएसबी ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे वाद्याचा आवाज लॅपटॉपला समजेल असा करून देणाऱ्या छोट्या पेटीची. माइकचं सॉकेट बेससाठी बनलेलं नाही. त्याचा अवरोध काही हजार ओमच्या घरात असतो, तर बॅटरी नसलेल्या साध्या पिकअपला (तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी भागाला) पुढे सुमारे दहा लाख ओम, म्हणजे एक मेगाओम लागतो. तो मिळाला नाही की वरचे स्वर दबतात आणि उरतो तो मघाचा घुमारा. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेलं बटण किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं सॉकेट असतं, ते बघूनच घ्या. लिनक्सवर चालेल का, हे दुकानदाराला विचारून उपयोग नाही. त्याला एवढंच विचारा की हे वेगळा ड्रायव्हर न टाकता आयपॅडवर चालतं का. चालत असेल तर ते यूएसबी ऑडिओचा सर्वमान्य नियम पाळतं, आणि लिनक्सवरही लावल्याबरोबर ओळखलं जातं. एक-दोन इनपुटचं साधं मॉडेल पुरे. आठ इनपुटची पेटी घेऊन सात सॉकेटांवर धूळ बसवण्यात अर्थ नाही.

आता घरघर. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गोव्यात हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक जण त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय शोधत बसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तुमच्या ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर तुमच्या वाद्याच्या ऐन खालच्या सुरांत बसलेली आहे. तो जी लांब धरून बघा: आवाज सेकंदाला एकदा फुगेल आणि ओसरेल. तो डोल तुमच्या हाताचा नाही, ५० वजा ४९ चा आहे. म्हणूनच फिल्टर लावून ५० हर्ट्झ कापणं किंवा ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधलं नॉइज रिडक्शन चालवणं मला पटत नाही. गायकाच्या ट्रॅकवर ते खपून जातं, बेसवर घरघरीसोबत सूरही कापला जातो. घरघर उगमाशीच थांबवायला हवी.

उगम शोधायचा क्रम असा ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर गेली तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा आहे. गेली नाही तर बेस हातात धरून जागेवरच हळूहळू फिरा. ठरावीक दिशेला आवाज वाढत किंवा कमी होत असेल तर पिकअप आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय: ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असतो तेव्हा सर्वांत जास्त किरकिरतो, पूर्ण वेगावर ठेवला की गप्प होतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ते बहुतेक बेसमध्ये नेहमीचंच असतं. आत तांब्याची पट्टी चिकटवून आवरण नीट केलं की फरक पडतो. पिकअप कोणता आहे तेही बघा. जॅझ बेस धाटणीचे दोन एकेरी पिकअप असतील तर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे आणि पूर्ण ठेवल्यावर एकाची घरघर दुसरा खोडतो. एक थोडा कमी केला की ती परत येते. प्रिसिजन धाटणीचा, दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप १९५७ पासून तसाच बनतो, त्याला ही अडचण मुळातच नाही.

आणि कोणी सांगितलं की तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाक, घरघर जाईल, तर ऐकू नका. घरघर कदाचित जाईलही. पण पावसाळ्यात ओल आलेली फरशी, जुनी वायरिंग आणि हातात लोखंडी तारांचं वाद्य असताना अर्थिंग काढणं म्हणजे जिवाशी खेळ. फेस्तांच्या आणि चवथीच्या मांडवांत लांबच लांब एक्स्टेन्शनवर हा प्रकार मी सर्रास बघतो. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, गळती दिसताच वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. २५ हजारांतून यासाठी काही गेले तरी कुरकुर करू नका.

उशीर. लिनक्सवर आवाज तुकड्या-तुकड्यांनी पुढे जातो. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) १२८ सॅम्पलचा तुकडा २.७ मिलिसेकंदांचा, २५६ चा ५.३, आणि १०२४ चा २१. बऱ्याच ठिकाणी मूळ सेटिंग या मोठ्या आकड्याकडे झुकलेलं असतं. गाणी ऐकायला, सिनेमा बघायला ते ठीकच. १२८ वर आणलंत की आत जाणं, बाहेर येणं, यूएसबी, सगळं धरून साधारण दहा मिलिसेकंदांच्या आसपास पोचाल. हवेत आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा दहा मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवणं. स्टेजवर सगळे तसेच उभे असतात. ६४ आणि ३२ च्या मागे लागू नका. तुमच्या ई तारेचं एकच कंपन पुरं व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. या वाद्याच्या अंगातच थोडा सावकाशपणा आहे.

आवाजात कट-कट आली तर पाइपवायर या लिनक्सवर आवाजाची ने-आण करणाऱ्या यंत्रणेबरोबर येणारी पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही आज्ञा चालवा. चुकांच्या रकान्यातला आकडा वाढत असेल तर लॅपटॉप वेळेत काम उरकत नाहीये. ब्राउझर बंद करा, वायफाय बंद करा, प्रोसेसर 'परफॉर्मन्स'वर ठेवा. तुमचा युजर 'ऑडिओ' गटात आहे आणि त्याला रिअलटाइम प्राधान्य मिळालंय हे तपासा. जुन्या लॅपटॉपवर एवढ्याने भागतं. खास रिअलटाइम कर्नल (लिनक्सचा गाभा) शोधत फिरायची गरज आता उरलेली नाही: सुमारे वीस वर्षं वेगळं राहिलेलं ते काम २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच आलं, आणि १२८ च्या तुकड्याला बहुधा तेही लागत नाही.

रेकॉर्डिंगला आर्डर (Ardour) हा प्रोग्राम वापरा. त्याचा सोर्स मोकळा आहे. त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहून तयार प्रोग्राम घेताना ते पैसे मागतात, पण डेबियन आणि उबंटूच्या भांडारात तो असतोच. (वर्षभर वापरलात तर पैसे द्या. पॉल डेव्हिस यांनी प्रोग्रामांमध्ये आवाज फिरवणारं जॅकही लिहिलं आणि आर्डरही. लिनक्सवरच्या आवाजाच्या जगाचं त्या माणसावर बरंच ऋण आहे.) सुरू करताना पाइपवायर मध्ये न घेता थेट अल्सा (लिनक्सच्या ऑडिओ ड्रायव्हरांचा थर) निवडा आणि एकदाच एक काम करा: इंटरफेसच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच इनपुटला लावा आणि आर्डरला उशीर मोजू द्या. त्यानंतर तुमचा सूर पडद्यावर खरोखर जिथे पडला तिथेच दिसेल.

हे मोजमाप का, तर लॅपटॉपचा खरा उपयोग इथून सुरू होतो. हायड्रोजन या ड्रम मशीनवर साधा ठेका लावा: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एक आणि तीनवर, स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर, लय ८०. एकाच सुरावर चार मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा. मग मोठं करून बघा, तुमच्या सुराची सुरुवात किकच्या आधी आहे की नंतर. नवा वाजवणारा बहुधा पुढे धावतो, आणि भरून वाजवायच्या जागी जास्तच धावतो. वीस मिलिसेकंदांचा फरक कानाला 'काहीतरी गडबड' इतकाच लागतो. पडद्यावर तो कोणत्या बाजूला आहे ते कळतं. सुराचा शेवटही बघा. रॉकमधला बेस सुरू कुठे होतो याइतकाच थांबतो कुठे यावर उभा असतो. स्नेअर पडताना बेस थांबलेला असला तर स्नेअर दुप्पट मोठी वाटते. हे एवढं जमलं की पुढच्या आठवड्यात किक काढून टाका, फक्त दोन आणि चारची टाळी ठेवा.

गाण्यातला बेस ऐकू येत नाही म्हणता, त्यात तुमच्या कानाचा दोष नाही. फोनचा आणि लॅपटॉपचा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. ४१ चा सूर त्यातून येतच नाही; ८२, १२३, १६५ असे त्याचे वरचे स्वर मेंदू जोडतो आणि खालचा सूर मनाने भरून काढतो. ज्या बेसमध्ये हे वरचे स्वर भरपूर, तो छोट्या स्पीकरवरही ऐकू येतो. तुमच्या रेकॉर्डिंगमधला बेस फोनवर गायब होतो तो यामुळेच. उपाय सोपा आहे. आर्डरमध्ये तोच बेस दोन ट्रॅकवर ठेवा. एकावर अडीचशे हर्ट्झच्या वरचं सगळं कापून स्वच्छ ठेवा. दुसऱ्यावर त्याच्या खालचं कापा आणि ॲम्पची नक्कल करणाऱ्या गिटारिक्समधून किंवा न्यूरल ॲम्प मॉडेलरमधून थोडी कर्कशता द्या. एकटा ऐकलात तर दुसरा ट्रॅक वाईट वाटेल, आणि वाटू दे. गिटार आणि ड्रमसोबत तोच बेसला उभं करतो. अगदी तळाचं, ३० हर्ट्झच्या खालचं, दोन्हींतून काढून टाका. तिथे तुमच्या वाद्याचं काही नसतं, फक्त हाताचे धक्के असतात.

दुसऱ्याच्या गाण्यातला बेस वेगळा ऐकायला डेमक्स आहे. फेसबुकच्या संशोधकांनी केलेलं, सोर्स मोकळा असलेलं हे साधन गाण्याचे चार भाग करतं: गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं. तुमच्या लॅपटॉपला एका गाण्यासाठी बराच वेळ लागेल, तेवढ्यात चहा होतो. गाणं तुम्ही विकत घेतलेलं असू दे आणि तुकडे घरातच राहू देत. आधी फक्त बेस ऐका. मग बेस आणि ड्रम. मग बेस बंद करून त्या जागी स्वतः वाजवा. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत बेस शिकणाऱ्याला याहून मोठी भेट मिळालेली नाही. टॅब (बोटांच्या जागा आकड्यांत लिहिलेला कागद) बघून बोटं कुठे ठेवायची ते कळतं, सूर किती लांबवायचा ते कळत नाही.

कोणाला ऐकायचं? आधी तिघांचे बँड घ्या, तिथे बेसला लपायला जागा नसते: क्रीममधले जॅक ब्रूस, रशमधले गेडी ली, द पोलीसमधले स्टिंग. तिघंही वाजवता वाजवता गाणारे, आणि स्टिंग किती कमी सूर वाजवतात ते बघण्यासारखं आहे. ब्लॅक सॅबथचे गीझर बटलर गिटारच्या रिफला (परत परत येणाऱ्या छोट्या धुनेला) चिकटून चालतात आणि वाकडी वाट नेमकी कधी धरतात, हा एक स्वतंत्र अभ्यास आहे. लेड झेपेलिनचे जॉन पॉल जोन्स सगळ्यांत शेवटी घ्या. सुरुवातीला ऐकलात तर हातपाय गाळाल. रॉकच्या बाहेरचं एकच नाव: मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतले जेम्स जेमरसन. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचे. पॉल मॅकार्टनी यांनीही त्यांचा प्रभाव मान्य केलेला आहे. आपल्याकडचं हवं तर इंडियन ओशनचे राहुल राम, आणि आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ. हिंदी गाणी लहानपणापासून कानात असतात, बेस मात्र कधी ऐकलेला नसतो. डेमक्समधून काढून बघा.

एक गोष्ट तुम्हाला डिचोलीत फुकट आहे आणि लिव्हरपूलवाल्याला नाही. चवथीला घुमटाच्या (तोंडाला चामडं बांधलेल्या मडक्याच्या वाद्याच्या) आरत्या होतात तिथे घुमट वाजवणाऱ्याच्या शेजारी बसा, समोर नको. शामेळ (काठ्यांनी वाजणारा ड्रम) आणि कांसाळे (झांजा) वरची गडबड सांभाळतात. खालचा, मडक्यातून येणारा जाड ठोका किती मोजका आणि कुठे पडतो ते मोजा. सुवारी (या वाद्यांचं एकत्र वादन) चढत जाते, सगळ्यांचा वेग वाढतो, तेव्हा चांगला घुमटवाला तो ठोका वाढवत नाही, घट्ट करतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला. त्यात बेसवाल्याने शिकण्यासारखं किती आहे ते मात्र कोणी सांगत नाही. त्या ठोक्यांच्या जागा लिहून घ्या आणि हायड्रोजनमध्ये किकवर बसवून त्यावर वाजवा. रॉकच्या चार-चारच्या ठेक्याला कंटाळलात की हाच उतारा.

तारांबद्दल. जुन्या बेसवर बहुधा जुन्याच तारा असतील, त्या बदला. ४५ ते १०५ चा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) साधा संच. खरखरीत, राउंडवाउंड तारा रॉकचा चमकदार आवाज देतात. १९६० च्या दशकात द हूच्या जॉन एन्टविसल यांनी त्या गाजवल्या. पण आपल्या हवेत, जून ते सप्टेंबर, त्यांच्या खाचांत घाम आणि ओल बसते आणि चमक लवकर जाते. गुळगुळीत, फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं टिकतात. त्या म्हाताऱ्यांच्या तारा असं कोणी म्हणालं तर आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर फ्लॅटवाउंडवरच वाजवत आलेत हे सांगा. मी तुमच्या जागी असतो तर पहिला संच राउंडवाउंडचा लावला असता, कारण बोटाची चूक त्यावर जास्त स्पष्ट ऐकू येते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा.

नेक, म्हणजे बेसचा लांब दांडा, पावसात हलते. वाकते की उलटी ताणते हे लाकडावर अवलंबून, म्हणून अंदाज न करता मोजा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास. फार जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. एक दिवस थांबून पुन्हा मोजा. घट्ट बसला असेल तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि नोव्हेंबरात एकदा, वर्षात एवढं पुरतं. बेस केसमध्ये ठेवत असाल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण बंद केसमध्ये महिनोन् महिने पडून राहिलेल्या बेसला बुरशी लागतेच. भिंतीवर टांगलेला आणि रोज वाजणारा बेस सर्वांत निरोगी. टांगायचा तर बाहेरच्या भिंतीवर नको, तिला ओल येते.

सूर लावताना मोकळी ई तार सोडा, बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा. ८२ हर्ट्झ ट्यूनरला चटकन सापडतो.

लिनक्सच्या बाबतीत तुम्हाला एकच धोका मला दिसतो, आणि तो तुम्ही संगणकवाले असल्यामुळेच दिसतो. संध्याकाळी तासभर मिळतो, त्यातला पाऊण तास नवी आवृत्ती, नवा प्लगइन, नवं सेटिंग यात जातो आणि बेस भिंतीवरच राहतो. डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबंटू स्टुडिओची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाका, सगळं चालू झालं की त्याची प्रत काढून ठेवा आणि शाळेच्या सुट्टीपर्यंत हात लावू नका. कमतरता आहेत, नाकारत नाही: पैसे देऊन मिळणारी बरीच नावाजलेली ड्रम आणि ॲम्पची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघतच नाहीत. पण एका बेसच्या ट्रॅकला ती लागत नाहीत. पणजी-मडगावच्या एखाद्या स्टुडिओत दुसरं काही चालत असलं तरी अडत नाही. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून, २४ बिट ४८ हजारच्या वेव्ह फाइलमध्ये काढून द्या, कुठेही उघडतो. रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकात शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काम केलं होतं. तुमच्या आठ जीबीत त्याहून कितीतरी जास्त मावतं.

मिक्सिंगचा हात बसवायला दुसऱ्यांचे सुटे ट्रॅक लागतील. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे (मालकानेच वापरायला मोकळे सोडलेले) शोधा, म्हणजे मनाला टोचणी नाही. नाइन इंच नेल्सने २००८ मध्ये आपले दोन अल्बम त्या परवान्याखाली सोडले. दिल्लीचा परिक्रमा हा रॉक बँड तर आपली गाणी फुकट वाटण्यासाठीच ओळखला जातो.

ॲम्पचा विषय परत काढायची वेळ येईल ती चार माणसं जमतील तेव्हा. ती जमतात. गोव्यात गिटारवाले भरपूर, गाणारे त्याहून भरपूर, बेसवाला नेहमी कमी. तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) वाद्यवृंदात, लग्नाच्या बँडमध्ये, फेस्ताला 'बेस आहे' म्हटलं की बोलावणं येतं. रॉकच वाजवीन असा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. एका रात्रीत मांडो (गोव्याची जुनी कोकणी गाणी), वॉल्ट्झ आणि हिंदी गाणी वाजवून आलेला बेसवाला रॉकमध्ये जास्त टिकतो. बाहेर लाउडस्पीकरला एरवी रात्री दहाची मर्यादा आहे, त्यामुळे सकाळच्या शाळेलाही त्रास नाही. तेव्हा ॲम्प घ्याल तो ड्रमच्या वर ऐकू येईल एवढा घ्या, घरात शोभेल एवढा नको. आणि पाच तारांचा बेस आत्ताच घेऊ का, असं कोणी सुचवलं तर थांबा: त्याची खालची बी ३१ हर्ट्झची, आणि तुमच्या खोलीत आणि फोनवर ती सध्या धड ऐकू येणार नाही.